जावयाचा गोटा आणि पोळ्याचा उरलेला रंग

गोवर्धनभाऊ,

रामराम. तुझा गुडघा, वहिनींची शुगर आणि गोदामातली तूर, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. नसतील तरी आज मला विचारपूस करायची फुरसत नाही, कारण मी तुझ्यावर संतापलेलो आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू अडतीत गादीवर बसून फोन स्पीकरवर ठेवतो, आणि मग माझ्या घरची गोष्ट तुझे हमाल, तुझा दिवाणजी आणि समोरच्या चहावाल्याचं गिऱ्हाईक असे सगळे मिळून ऐकतात. (मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीवर तुझ्या अडतीतून जी औषधं सुचवली गेली, त्यातलं एक बैलाचं होतं.) म्हणून हे पत्र. दुकानात उघडू नको. घरी वाच, आणि वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवू नको.

पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं आहे. अकोल्याच्या होस्टेलात आपल्याला तेवढं तरी शिकवलं होतं. मधेच वऱ्हाडी आली तर समजून घे की तिथं मला राग आवरला नाही.

तर मुद्दा असा. आमच्या अपेक्षासाठी कुलदीपचं स्थळ कोणी आणलं? तू. अकोल्यातलं माझ्या शेजारचं घर, लहानपणापासून डोळ्यांसमोरचा पोरगा, असं म्हणून छातीवर हात कोणी मारला? तू. मी तुला विचारलं होतं, पोरगा पीत नाही ना? नाही म्हणाला. खर्रा-तंबाखू? नाही. पत्ते, सट्टा? नाही, नाही. मायबापाशी कसा बोलतो तेही विचारलं. आता गोवर्धन, जगातला कोणता पोरीचा बाप असं विचारेल की पोरगा दगड तर जमवत नाही ना? ते आपणहून सांगायचं काम मध्यस्थाचं असते. याच पोरानं लहानपणी तुझ्या गच्चीवर पोतंभर गोटे आणून ठेवले होते आणि त्यात तुझ्या पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलं होतं, हे मला आत्ता कळलं. तेही खुद्द कुलदीपकडून, आणि तो ते मोठ्या अभिमानानं सांगून राहिला होता. तुनं मले हे काहून नाही सांगितलं?

तुला आमचं वावर माहीत आहे. जमीन काळी, कसदार, पण नाल्याच्या बाजूनं नुसते गोटे. आमच्या आज्यानं ते वेचून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, फेकले, बापानं फेकले, मी फेकता फेकता कंबर कामातून घालवली. या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या एक काम इमानानं केलं असेल तर ते म्हणजे गोटे आपल्यापासून दूर नेणं. आणि अशा घरात तू असा जावई आणून दिला की जो गोटे उचलून घरात आणतो, दात घासायच्या ब्रशनं त्यांना धुतो आणि कापसात गुंडाळून ठेवतो. कापसात! (आमच्याच कापसात. चांगल्या लांब धाग्याच्या. मी ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही, आणि पिकवतो कशासाठी, तर गोट्याले गादी पाहिजे म्हणून.)

आता खरी गोष्ट सांगतो, आणि ही मात्र कोणाजवळ बोलू नको. अपेक्षा आखाजीच्या सणाला माहेरी आली हे तुला माहीत आहे. चार दिवसांसाठी आली होती. आखाजी गेली, आंबे उतरले, पोरगी पुण्याला नवऱ्याकडं परत जायचं नावच घेईना. विचारलं तर म्हणे, असंच. कुलदीपचा फोन आला की अंगणात जायची, हो, नाही, जेवले, ठेवते, एवढं बोलून परत यायची. लोक तार करत तेव्हाही याहून जास्त शब्द लिहीत. शकुननं मला बजावलं, तुम्ही मधात पडू नका, तुम्ही बोलले की बनलेलं बिघडते. (तीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल तिचं हे एवढं एकच मत कायम टिकलं आहे.) मी पडलो नाही. पण पोरगी ओट्यावर बसून तूर निवडायची, आणि निवडून झालेली तूर परत सुपात घेऊन परत निवडायची, ते पाहिलं की माझा जीव खाली-वर व्हायचा. एकुलती एक पोट्टी आहे, गोवर्धन. मला वाटून राहिलं होतं, मोडते आता हे घर.

तेवढ्यात अधिक महिना लागला. यंदा नेमका ज्येष्ठात, म्हणजे ऐन भट्टीत. शकुन म्हणाली, जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवा, आला की राहील, राहिला की बोलेल. मला पटलं. आता या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, त्यानं तोंडातून काढलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही रीत काही मी काढलेली नाही. मी फक्त ती पाळली, आणि तिनंच माझा घात केला. जावई आला. त्याची बॅग उतरवायला मी पुढं झालो, तर ती जमिनीवरून उठेना. मला वाटलं, लेकीचे राहिलेले कपडे परत द्यायला आणले असतील. उघडली तर आत छिन्नी, दोन हातोड्या, रबरी मोजे आणि एक भिंग. कपड्यांचा एकच जोड होता.

अंगाला तेल लावून आंघोळ घातली, पाटावर बसवलं, शकुननं ओवाळलं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा. अपेक्षानं वाढलं, पण असं वाढलं की पंगतीतला कोणी अनोळखी पाहुणा असावा. तो खाली पाहून जेवला. मग रिवाजाप्रमाणे मी विचारलं, जावईबापू, काय पाहिजे ते मागा. शकुननं चांदीचा गिलास पदराखाली तयार ठेवला होता. रीत अशी की जावई थोडे आढेवेढे घेतो, आपण गिलास देतो आणि सगळे मिळून पान खातात. हा आढेवेढे न घेता म्हणाला, मामाजी, परतवाड्याच्या पुढं घाट लागायच्या आधी रस्ता रुंद करायला टेकडी कापली आहे, काळा खडक उघडा पडला आहे, मी येताना बसमधून पाहिलं. तिथं गारगोट्या आणि स्फटिक मिळतील. तुम्ही मला घेऊन चला. शकुनचा गिलास पदराखालीच राहिला. अपेक्षा भाताचं पातेलं दाणकन खाली ठेवून आत गेली, आणि काहीतरी बिनसलंय ते या दगडांवरूनच, हे माझ्या मठ्ठ डोक्यात त्या आवाजानं शिरलं.

विष्णूला नाही कसं म्हणणार? निघालो. वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन तुला सांगायला नको. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, मागं जावई, त्याच्या पाठीवर लोखंड. गाडी (माझी जुनी हीरोहोंडा, तिलाही आता गुडघे आहेत) धापा टाकत पोचली. तिथं पोकलेननं टेकडी उभी कापलेली, खाली गोट्यांचा ढीग. मी बाभळीच्या सावलीत बसणार, तर म्हणाला मामाजी, तुम्ही त्या बाजूनं पाहा. मी कशाला पाहू? पण पाहिलं. तो काय करायचा, तर गोटा उचलायचा, फिरवायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा, कान लावायचा. इथवर मी सहन केलं, आपणही टरबूज असंच घेतो. पण मग त्यानं गोटा तोंडाजवळ नेला आणि चाटला.

चाटला, गोवर्धन. भर रस्त्यावर, दुपारी, धोंड्याला आलेल्या जावयानं गोटा चाटला. मी म्हटलं अहो जावईबापू, हे काय? तर म्हणे ओला केला की पट्टे दिसतात. मी म्हटलं बाटलीत पाणी आहे. तर म्हणे ते प्यायला आहे. आणि नेमकी त्याच वेळेला परतवाड्याहून काळीपिवळी आली, आणि तिच्या खिडकीत कोण, तर आमच्या गल्लीतली पार्बताबाई, बाजारातून आंबे विकून येत होती. गाडी जाईपर्यंत तिनं मान वळवून पाहिलं. संध्याकाळी गावात पोचलो तर पारावर चर्चा एकच, भगवंतरावाचा जावई गोटे चाटून राहिला होता, सासरी त्याले मीठ भेटत नाही काय? दुसऱ्या दिवशी एका बाईनं शकुनला लोणचं आणून दिलं. तीस वर्षांत त्या बाईनं आमच्या घरी कोथिंबिरीची काडी आणली नव्हती.

एक मात्र कबूल करतो. त्यानं एक गोटा फोडून माझ्या हातावर ठेवला. बाहेरून दिसायला आपल्या धुऱ्यावरच्यासारखाच, कुरूप, मातकट. आत कांदा चिरल्यावर दिसतात तशी वलयं, दुधी, निळसर, मग लालसर, आणि मधात पोकळी, त्यात खडीसाखर भरल्यासारखे चमकदार टोकदार खडे. लाव्हा थंड होताना बुडबुडे राहिले, पुढं त्यांत पाणी झिरपत राहिलं, लाखो वर्षं, असं तो सांगत होता. मी हूं हूं केलं. (लाखो वर्षं पाणी झिरपलं म्हणे. आणि आमच्या विहिरीला मार्चमध्येच तळ.)

बाभळीखाली बसून कांदा-भाकर खाताना मी शकुनची आज्ञा मोडली आणि सरळ विचारलं, तुमचं दोघांचं बिनसलं कशावरून? त्यानं कांदा फोडून अर्धा मला दिला. मग म्हणाला, अपेक्षानं गॅलरीतले दगड सोसायटीच्या मिस्त्रीला देऊन टाकले, त्यानं ते ओट्याच्या भरावात घातले, वर सिमेंट. मी विचारलं, मग तू काय म्हणाला? म्हणे, काही नाही म्हणालो, मामाजी, मी रागावलोच नाही. तिथं मला सगळं समजलं. अरे, अपेक्षाच्या माहेरी भांडण म्हणजे ताटं वाजतात, शेजारची दोन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहतात आणि चहाच्या वेळेला सगळं संपलेलं असते. आणि या भल्या माणसानं पोरीला मुक्यानं शिक्षा केली! ती वाट पाहून राहिली असेल की हा आता ओरडेल, मग ओरडेल. हा ओरडेचना. मी त्याला म्हटलं, बापू, माणूस गप्प राहिला की बाईला वाटते आपण याच्या हिशेबातच नाही. तो म्हणाला, मला ओरडता येत नाही. अकोल्याचा पोरगा! ओरडता येत नाही म्हणते! हे तरी तू मले सांगायचं होतं.

यानंतर तो गोटा सापडला. ढिगाच्या कडेला, गुडघ्याएवढा, गोल, गुळगुळीत, आणि एका बाजूला चीर. कुलदीपनं चिरीत मोबाईलचा उजेड पाडला आणि मातीत मांडी घालून बसलाच. आत सगळी पोकळी, सगळी स्फटिकांची, म्हणे असा आयुष्यात एकदा. पण तो आम्हा दोघांनाही हलेना. ट्रॅक्टर लागणार. कामावरच्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, न्या की, जेवढे न्याल तेवढं आमचं डिझेल वाचेल, फक्त खूण करून ठेवा, नाहीतर पोकलेनवाला क्रशरला टाकेल. आता खूण कशानं करायची? माझ्या डिक्कीत पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग होता. मागल्या वर्षी केशरी कमी पडला म्हणून अपेक्षानंच त्यात फाटकाचा लाल मिसळला होता, आणि जो काही रंग झाला तो शिंगांनाही लावला अन् फाटकालाही. तो मी गोट्याला फासला. चांगला वरपासून खालपर्यंत, दुरून दिसला पाहिजे म्हणून. शेतकरी माणूस धुऱ्याच्या दगडाला रंग लावतोच, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. कुलदीपनं चीर झाकायला तिथलाच एक चपटा दगड पुढ्यात उभा केला. हा झाला गुरुवार.

शुक्रवारी ट्रॅक्टर मिळाला नाही, आमच्या नत्थुजीचा ट्रॅक्टर रोटावेटर घेऊन दुसऱ्याच्या वावरात गेलेला. शनिवारी मिळाला. घरी खरं सांगायची सोय नव्हती, अपेक्षानं गोटा हा शब्द ऐकला असता तर संपलंच होतं. म्हणून परतवाड्याला पंपाचं सामान आणायला जातो असं सांगून आम्ही दोघं निघालो. दुरूनच गर्दी दिसली. मला वाटलं अपघात झाला. जवळ जाऊन पाहतो तर आमचा गोटा, त्याला रुईच्या पानांच्या माळा, डोक्यावरून तेलाचे ओघळ, पुढ्यातल्या चपट्या दगडावर नारळाची भकलं, बाजूला काठीला भगवा. पोकलेनवाला हात जोडून मशीन बंद करून उभा होता. शुक्रवारी सकाळी त्याला शेंदूर लावलेला मारोती दिसला, त्यानं मशीन लावायला नकार दिला आणि स्वतःच्या खिशातून पहिला नारळ फोडला. बाकी काम शनिवारनं केलं. सुपरवायझरला मी बाजूला घेतलं, तर तो माझ्याकडं न पाहता म्हणाला, काका, आता मी काही ओळखत नाही, रस्ता इथं थोडा वळवू. गोवर्धन, सरकारी रस्ता! माझ्या बैलांच्या रंगानं वळला!

एक दुर्गाबाई नावाची म्हातारी तिथं फुलं-माळा घेऊन बसली होती, तिनं आम्हाला सांगितलं की देव आपोआप वर आला, जमीन हलली होती, तिनं स्वतः ऐकलं. माझ्या नखांत तोच रंग होता. मी हात खिशात घातले. खरं बोललो असतो तर तिथंच माझी पूजा झाली असती, ती वेगळी. म्हटलं गुपचूप फिरावं. तेवढ्यात मागं ऑटो थांबला आणि त्यातून आमच्या गल्लीच्या बाया उतरल्या, पार्बताबाई पुढं, आणि तिच्यामागं शकुन, नैवेद्याचं ताट घेऊन. आणि शकुनच्या मागं अपेक्षा.

शकुननं आम्हाला पाहिलं आणि तिला वाटलं, देवानंच जावयाला बोलावून घेतलं. तिनं गोट्यापुढं डोकं टेकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, मारोतीराया, या दोघांचं जमू दे, तुले रोडग्याचा भंडारा करीन. (म्हणजे तू समजून घे. मी ज्याला रंग दिला, माझा जावई ज्याला फोडायला आला, त्याला माझ्या बायकोनं माझ्या खर्चानं नवस बोलला, आणि तोही त्याच जावयासाठी.) मग बायांनी धोंड्याच्या जावयाचा मान म्हणून नारळ कुलदीपच्या हाती दिला. त्याच्या दुसऱ्या हातात पाठीमागं हातोडी होती. तो थिजल्यासारखा उभा. त्याची वाट पाहून कंटाळून पोकलेनवाल्यानं त्याच्या हातातला नारळ घेतला, भकलांनी भरलेला पुढचा चपटा दगड बाजूला सारला आणि त्या चिरीवरच नारळ हाणायला हात वर उचलला.

आणि कुलदीप ओरडला. असा ओरडला की ऑटोवाला सीटवरून उतरला. "तठी नोको मारू बे! फुटन!"

दुर्गाबाईनं विचारलं, काय फुटन, बाप्पा? कुलदीपनं पाठीमागची हातोडी आणखी दडवली. मग हळूच म्हणाला, देव. लगेच बाया हळहळल्या, काय माया आहे पोराची देवावर, आणि पार्बताबाई म्हणाली म्हणूनच तो गोटे चाटते, त्याले त्याच्यात देव दिसते. मी अपेक्षाकडं पाहिलं. ती गोट्याच्या रंगाकडं पाहत होती. मग तिनं माझ्या खिशातल्या हातांकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या पाठीमागच्या हातोडीकडं. आपल्या फाटकाचा रंग पोरगी ओळखणार नाही तर कोण ओळखेल? तिला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबून ती ट्रॅक्टरच्या मागं पळाली. कुलदीप तिच्यामागं धावला.

आम्हाला वाटलं, दोघं हसतील. पण तिथून आवाज आला तो जावयाचा, आणि पुणेरी नाही, पक्का अकोल्याचा, "माहे गोटे मले न इचारता तुनं मिस्त्रीले काहून देले वं?" आणि आमच्या पोट्टीचा त्याहून वरचा, "मंग तवाच काहून नाही बोलला?" मग दोघांचा एकदमच. गॅलरी निघाली, मिस्त्री निघाला, लग्नातला काही हिशेब निघाला, कोणाच्या मावशीचा उद्धार झाला. शकुनच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली अहो, देवासमोर भांडून राहिले. मी म्हटलं गप राहा, हाच प्रसाद आहे. मला त्या वेळेला एवढं बरं वाटलं, गोवर्धन, की मीही त्या गोट्याला नमस्कार करणार होतो, पण रंगाचा डबा आठवला. थोड्या वेळानं दोघं बाहेर आले, दोघांचेही कान लाल, आणि रसवंतीवर जाऊन एकाच गिलासातून रस प्याले. दुसरा गिलास परवडत नव्हता असं नाही.

गोटा तिथंच राहिला. राहणारच. आता त्याच्यावर टिनाचं शेड येणार आहे, आणि समितीत मला घ्यायचं ठरून राहिलं आहे, कारण पहिला भक्त म्हणे आमचाच जावई. कुलदीप चार दिवस रोज दर्शनाला गेला. चिरीत उजेड पाडून तो काय पाहायचा हे तुला-मला माहीत, लोक म्हणायचे ध्यान लागलं. शकुनचा नवस फळला म्हणून आता रोडगे करायचे आहेत, गोवऱ्यांच्या आरावर, वांग्याची भाजी, वरण, सगळ्या गावाला. पेरणीच्या तोंडावर! ज्या दगडाचं दैवत मी स्वतः तयार केलं, त्याचं कर्ज मलाच फेडायचं आहे आणि बोंबही मारता येत नाही.

तेव्हा मध्यस्थ या नात्यानं तुझं काम ऐक. भंडाऱ्याला ये, तूप तुझ्याकडून. आणि त्याआधी कुलदीपला फोन करून चार शब्द सुनाव की बाबा, संसारी माणसाला हा नाद शोभत नाही, दगड सोड. स्थळ तू आणलं, निस्तर तूच.

वहिनींना रामराम, दिवाणजीला काही सांगू नको.

तुझाच (राग कायम आहे),
भगवंत

ता. क. वर जे लिहिलं की कुलदीपला दगड सोडायला सांग, ते सांगू नको. ती दोघं मंगळवारी पुण्याला गेली. अपेक्षाची बॅग मी बसमध्ये चढवायला गेलो तर ती जमिनीवरून उठेना. मी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही, दोघंही हसलो. बस सुटल्यावर मात्र हसू राहिलं नाही. ओट्यावर तुरीचं सूप अजून तसंच आहे, शकुन उचलत नाही, मीही नाही. तुझ्या दोघी पोरी सासरी गेल्या तेव्हा तू आठ दिवस अडत बंद ठेवली होती आणि मी तुला हसलो होतो. ते हसणं मी परत घेतो.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. पुढचा अधिक महिना यायला तीन वर्षं, आखाजीला वर्ष. तू कुलदीपला सहज म्हणून फोन कर आणि बोलता बोलता सांग की भगवंताच्या वावरात नाल्याकडच्या धुऱ्यावर चांगल्या गारगोट्या निघून राहिल्या, जाऊन पाहा एकदा. तो आला की ती येतेच. मी बोलावलं तर पोरीला वाटेल बापाला करमत नाही. तसं काही नाही. म्हणून माझं नाव घेऊ नको.

आणि तुला खोटं बोलायला लावतो असं समजू नको. काल मी धुऱ्यावर जाऊन आलो. आज्यानं, बापानं आणि मी फेकलेले सगळे गोटे उलटेपालटे करून पाहिले, हातोडी नव्हती म्हणून विळ्याच्या मुठीनं ठोकले. पाण्याची बाटली मी नेली नव्हती. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून दोन-तीन चाटले. पट्टे आहेत. फोन आजच कर, कारण परत फिरलो तर बांधावर पार्बताबाई उभी होती.